छातीत शिरलेलं जठर आणि मामाचा सोडा

"सिस्टर, छातीत टोचायची सुई आणा," मोठे साहेब म्हणाले.

"सर, थांबा. ती हवा जठरातली आहे. पडदा फाटलाय," मी म्हणालो.

टेबलावर सात-आठ वर्षांची सुमन धापा टाकत होती. दिग्रसला जिनिंग कारखान्याच्या आवारात कापसाच्या बैलबंडीचं चाक तिच्या पोटावरून गेलं होतं. एक्स-रेत छातीच्या डाव्या बाजूला हवेचा मोठा काळा गोळा दिसत होता. फुप्फुसाभोवती हवा साठलीय, असं साहेबांचं निदान.

"एक बरगडी मोडली नाही आणि पडदा फाटला?" साहेब कडाडले.

तेच तर! छाती आणि पोट यांच्यामध्ये स्नायूचा पडदा असतो. आम्ही डॉक्टर त्याला डायफ्रॅम म्हणतो. लहान मुलांच्या बरगड्या लवचिक, चाकाखाली वाकतात पण मोडत नाहीत. पोट दाबलं गेलं की पडदाच फाटतो आणि जठर वर छातीत शिरतं. मी स्टेथोस्कोप लावला होता, तेव्हा श्वासाच्या जागी पोटातली गुरगुर ऐकू आली होती. तिथं सुई टोचली तर जठरातली सगळी घाण छातीत पसरणार. पण साहेब ऐकतील तर शपथ!

मला कळेना, मघापर्यंत बोलणारी पोरगी एकाएकी निळी का पडली? दाराशी तिचा मामा उभा होता. हातात गोटी-सोड्याची बाटली, रिकामी.

"तोंडातून काही द्यायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना?"

"काही खाऊ नाही घातलं डाक्टर, सोडाच पाजला." दिग्रसच्या बाजारात त्याची सोड्याची गाडी होती. "पोरगी कासावीस होऊन राह्यलती. म्हटलं, ग्यास निघून जाईन."

मी कपाळावर हात मारला. छातीत अडकलेल्या जठरात यानं आणखी ग्यास भरला होता, तोही मायेनं.

साहेबांची वाट न पाहता मी नाकातून जठरात जाणारी नळी घातली. फस्सकन हवा सुटली. सुमनच्या ओठांवर रंग आला. पुन्हा एक्स-रे काढला, तर नळीचं टोक थेट छातीत. साहेबांनी फिल्म उजेडात धरून पाहिली.

"थिएटर तयार करा," एवढंच म्हणाले.

आम्ही पोट उघडलं, जठर खाली ओढलं, पडदा शिवला. पोरगी वाचली. मला फार आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

घरी सोडायच्या दिवशी मामा सोड्याचा अख्खा क्रेट घेऊन हजर. मी त्याला चित्र काढून सगळं समजावलं. त्यानं मान डोलावली. मी वळलो, तोच शेजारच्या खाटेपाशी त्याचा आवाज ऐकू आला. तिथं ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेलं पोर आणि त्याची आई होती.

"मी सोडा पाजला, अन् पोरीचा ग्यास फस्सकन निघाला ना बाई! टाके तं डाक्टरायनं मंग घातले. पाज, काही होत नाही."

बाटली पोराच्या ओठांपाशी होती. मी धावत जाऊन हिसकावली.

तेव्हापासून ऑपरेशनआधी मी बजावतो: अन्न नाही, पाणी नाही, सोडा नाही. आणि मामा असेल, तर त्याला बाहेर बसवतो.