पहिल्या वळणावरचा निकाल

पहाटे पाच वाजून चाळीस मिनिटांनी धनराज मेश्राम कुरखेड्याहून वडशाकडे येणाऱ्या रस्त्यावर ताशी पस्तीसच्या वेगाने गाडी चालवत होता. मागे नाटक कंपनीचे कलाकार झोपले होते. राजाचा मुकुट मांडीवर आला होता, राणीचं डोकं खलनायकाच्या खांद्यावर होतं आणि ढोलकीवाला पडद्याच्या गाठोड्यावर आडवा पडला होता. जागे दोघेच होते, धनराज आणि शेजारी बसलेला विनोदी नट डोमा. रस्ता सांगायचं काम डोमाने स्वतःहून घेतलं होतं.

"डावीकडं गड्डा. मोठा."

"दिसला."

"पुढं बकऱ्या."

"किती?"

"मोजाले उतरू का, धनराजभाऊ?"

झाडीपट्टीचं, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्यातलं, नाटक रात्रभर चालतं आणि उजाडायच्या सुमाराला संपतं. मग कंपनी मेकअपसकट गाडीत बसते आणि वडशाला परतते. दिवाळीनंतर सुरू झालेला हा क्रम होळीपर्यंत चालतो. वडशात याहून वेगाने गाडी हाकणारे ड्रायव्हर पुष्कळ आहेत. पण कंपनीच्या मालकाने धनराजला सोडलेलं नाही, कारण त्याच्या गाडीत कुणाची झोप मोडत नाही. घरच्या बाजेवर अशी झोप लागत नाही, असं राणीने एकदा मुलाखतीतसुद्धा सांगितलं होतं. मुलाखत अभिनयाबद्दल होती.

हाच धनराज मोकळ्या दुपारी कोसंबटोल्यातल्या आपल्या घरी ताशी दोनशे चाळीसने गाडी हाकतो.

घराच्या पुढच्या खोलीत, अर्ध्याहून जास्त जागा अडवून, त्याचा संसार मांडलेला आहे. भंगारातल्या व्हॅनची सीट लाकडी चौकटीवर ठोकलेली. तिच्यापुढे टेबल, टेबलाच्या कडेला शिकंज्याने आवळलेलं जुनं गेमचं स्टिअरिंग, खाली पेडल. उजव्या हाताला हँडब्रेकचा दांडा. हा दांडा वडशाच्या वेल्डरने बनवला आणि त्याच्या आत धनराजने एका मोडक्या जॉयस्टिकचे अवयव बसवले. कॉम्प्युटर ब्रह्मपुरीच्या बंद पडलेल्या सायबर कॅफेतला. तो आला तेव्हा कोरा होता. एका ओळखीच्याने पेनड्राइव्हवर लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टीम दिली, ती त्यात घातली आणि पहिल्याच झटक्याला स्पीकरमधून आवाज आला. धनराज तेव्हापासून लिनक्सवाला आहे.

सामानाबद्दल त्याची मतं पक्की आहेत. दुकानात नवीन आलेली वस्तू घेऊ नये. दोन-तीन वर्षं थांबावं. तेवढ्यात जगात कुठेतरी कुणाकडे तीच वस्तू असते, तो वैतागतो आणि तिला लिनक्सवर चालवायचा प्रोग्राम लिहून मोकळा होतो. मग ती वस्तू घ्यावी, तेव्हा ती स्वस्तही झालेली असते. ग्राफिक्स कार्ड घेताना त्याच्यावर किती पंखे आहेत ते पाहू नये. त्याचा प्रोग्राम कुणालाही दुरुस्त करता येईल असा उघडा आहे की कंपनीने कुलूप लावून ठेवलाय ते पाहावं. कार्ड कुलूपवालं असेल तर प्रत्येक अपडेटनंतर पडदा काळा दिसण्याची तयारी ठेवावी. वायफायची चिप डब्यावर लिहिलेली नसेल तर डबा परत ठेवावा. आणि प्रिंटर हा विषय चांगल्या माणसांनी काढू नये.

रेसिंग गेमबद्दल तो याहून कडक आहे. गाडी मागून दिसते असा कॅमेरा त्याला मान्य नाही. "गाडीच्या मागं उभा राहून गाडी कोण चालवते?" असं तो विचारतो. चूक झाल्यावर वेळ मागे घ्यायचं बटण काही गेममध्ये असतं, त्याला तो चोरी म्हणतो. एकाही गेममध्ये रस्त्यात ढोरं बसलेली नसतात, म्हणून सगळे गेम कमीअधिक खोटे, असं त्याचं सर्वसाधारण मत आहे. पण सगळ्यात मोठा मुद्दा नुकसानीचा. भिंतीला ठोकल्यावरही गाडी तशीच धावत राहिली तर ती शर्यत कसली? त्यामुळे त्याच्या गेममध्ये नुकसानीचं सेटिंग कायम 'पूर्ण' ठेवलेलं असतं. ठोकली की गाडी संपली.

या शेवटच्या तत्त्वाने त्याला यंदा अडचणीत आणलं.

जानेवारीत कोसंबटोल्याला शंकरपट भरतो. बैलजोड्यांची शर्यत दिवसा आणि नाटक रात्री. त्या दिवशी गावात एकही घर पाहुण्यांशिवाय नसतं. मामा, मावश्या, आत्या, त्यांच्या सुना, सुनांचे भाऊ, सगळे येतात, जेवतात, लग्नं जुळवतात आणि मिळेल तिथे आडवे होतात. पटाला आठवडा उरला असताना धनराजची बायको रंजीता खोलीच्या दारात उभी राहिली. ती अंगणवाडीत मदतनीस आहे. आवाज न चढवता हुकूम देणं तिला येतं.

"पाहुणे कुठी झोपतीन?"

"ओसरीत."

"ओसरीत माणसं झोपते. बायका इथी झोपते. हे सारं बैलाच्या कोठ्यात ठेवा."

"कोठ्यात? अवो, तिथी भुसा उडते. पंख्यात गेला का कॉम्प्युटर मेला समजा."

"बैल नाई मेले भुशानं."

"बैलाले पंखा नसते."

ओसरीतून धनराजच्या वडिलांचा, रामाजींचा, हसण्याचा आवाज आला. रामाजी एके काळी धुरकरी होते, म्हणजे पटात छकड्यावर उभं राहून जोडी पळवणारे. मध्ये पटावर बंदी आली. बंदी उठली तोवर रामाजींचा डावा गुडघा बसला होता. आता ते मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसतात आणि इतर धुरकऱ्यांना काय येत नाही ते सांगतात. मुलाच्या छंदाला ते 'खुर्चीवरचा पट' म्हणत.

"शर्यत म्हणते याले!" ते आत येत म्हणाले. "ना धुरळा, ना ढोर. मी बसलो तर पहिल्या झटक्यात जिंकीन."

"बसा मंग," धनराज म्हणाला.

इथे रंजीताने पैज ठरवून टाकली. मामाजी, म्हणजे तिचे सासरे रामाजी, पहिल्या झटक्यात जिंकले, तर ते खेळणं आहे आणि ते कोठ्यात जाईल. हरले, तर ती खरी शर्यत आहे आणि ती खोलीत राहील. पाहुण्या बायकांचं मग ती पाहून घेईल. दोघांनाही हे पटलं. धनराजला तर मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. त्याचे वडील हरणार याबद्दल त्याला शंका नव्हती. ते हरले असं त्यांच्याकडून कबूल करवून घ्यावं लागेल, हे त्याच्या लक्षात आलं नाही. गावात आजवर हे कुणाला जमलेलं नव्हतं.

रामाजी व्हॅनच्या सीटवर बसले. धनराजने पडद्यावर त्यांची गाडी पहिल्या रांगेत उभी केली, त्यांचा उजवा पाय वेगाच्या पेडलवर ठेवून दिला आणि ब्रेकचं पेडल दाखवलं.

"पायानं थांबवाचं?" रामाजींनी विचारलं.

"हाव."

"बरं," रामाजी म्हणाले, आणि ते विसरून गेले.

हिरवा दिवा लागला. रामाजींनी पाय दाबला तो उचललाच नाही. इतर गाड्यांचे चालक यंत्राचे असतात, ते सुरुवातीला जरा जपून असतात. रामाजी जपत नव्हते. "हो! हो! चाल राजा!" करत ते सरळ पट्टीवर सगळ्यांच्या पुढे निघाले. धनराज मागे उभा होता. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू कमी होत गेलं. रंजीता कोठ्यात कुठे जागा करता येईल याचा विचार करत असावी.

मग वळण आलं.

शंकरपटाला वळण नसतं. जोडी सरळ सुटते, सरळ पळते, रेघ ओलांडते, आणि मग धुरकरी कासरा छातीशी ओढून तिला थांबवतो. रामाजींनी आयुष्यभर हेच केलं होतं. सरळ पट्टी संपलेली दिसताच त्यांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी छातीशी ओढलं. शिकंजा सुटला. स्टिअरिंग टेबलावरून निघून त्यांच्या मांडीवर आलं. रामाजींनी एक हात वर केला आणि ते ओरडले, "आली! पहिली आली!"

पाय अजून दाबलेलाच होता. गाडी पूर्ण वेगाने समोरच्या टायरांच्या भिंतीत घुसली. एक चाक पडद्याबाहेर उडालं. नुकसान 'पूर्ण' असल्यामुळे गाडी तिथेच संपली, आणि मागच्या सगळ्या गाड्या व्यवस्थित वळून निघून गेल्या. धडक हाताला जाणवावी म्हणून आत बसवलेल्या मोटरमुळे स्टिअरिंग रामाजींच्या मांडीवर थरथरत होतं. दमलेल्या बैलाला थोपटतात तसं रामाजींनी त्याला थोपटलं.

"बाबा, तुमी हारले," धनराज म्हणाला.

"काऊन? माझ्या पुढं कोण होतं?"

"शर्यत संपली नवती. वळण होतं थे."

"वळण कोणी ठेवलं?"

"असतेच, बाबा. पाच फेरे असते."

"पाच? ढोराचा जीव घेता काय बे?"

धनराजने घडलेलं पडद्यावर पुन्हा दाखवलं. रामाजींनी ते लक्ष देऊन पाहिलं. सरळ पट्टीचा भाग त्यांनी दोनदा लावायला सांगितला. भिंतीचा भाग आल्यावर ते खिडकीबाहेर पाहू लागले.

"पाह्यलं ना? गाडी भिताडात हाय," धनराज म्हणाला.

"रेघ ओलांडल्यावर जोडी कुठी जाते थे पंच पाहत नाई. एखादी जोडी तर धानाच्या पुंजण्यात घुसते. म्हणून हारली काय?"

आता दोघेही रंजीताकडे पाहू लागले. अंगणवाडीत असे खटले तिच्यापुढे रोज येतात, फक्त तिथले पक्षकार लवकर ऐकतात.

"मामाजी, तुमीच सांगा," ती म्हणाली. "तुमी जिंकले असान तर हे खेळणं. पोराच्या खेळण्यात जिंकले असं मी गावात सांगतो. हारले असान तर खरी शर्यत होती. काय सांगू?"

 खेळण्यात जिंकणं रामाजींना नको होतं आणि खऱ्या शर्यतीत हरणंही. त्यांनी मांडीवरचं स्टिअरिंग टेबलावर ठेवलं. मग ताठ बसून त्यांनी पटाचा नियम सांगितला.

"निकालावर वाद झाला. वाद झाला का जोडी पुन्हा सुटते. अन् पुन्हा सुटेपर्यंत मैदानातली काडी कोणी हालवत नाई."

"म्हणजे?" रंजीताने विचारलं.

"म्हणजे हे इथीच राहीन. पुढचा पट पाहुण्यांसमोर. पंच पायजे ना!"

 न्याय झाला नव्हता, पण कॉम्प्युटर वाचला होता. धनराजने लगेच कामाला हात घातला. थ्रेशरचे दोन बोल्ट आणून त्याने स्टिअरिंग टेबलात कायमचं आवळलं. वडील पायाने ब्रेक लावणार नाहीत हे दिसलंच होतं. म्हणून त्याने सेटिंगमध्ये जाऊन ब्रेकचं काम हँडब्रेकच्या दांड्याला दिलं आणि दांड्याला कोठ्यातला कासरा बांधला. ओढला की गाडी थांबे. कॉम्प्युटरने हा बदल एका प्रश्नाशिवाय मान्य केला. "याले म्हणते लिनक्स," तो रंजीताला म्हणाला. ती पाहुण्यांच्या गोधड्या मोजत होती.

पटाच्या दिवशी पाहुणे आले. दुपारी खऱ्या जोड्या पळाल्या आणि जेवणानंतर फेरपट ठरला. खोलीत उभं राहायला जागा नव्हती. रामाजींनी डोक्याला फेटा बांधला होता. यावेळी त्यांनी वळणावर वेळेत कासरा ओढला. जरा जास्तच ओढला. गाडी जागच्या जागी थांबली आणि मागून येणारी गाडी तिच्यावर आदळली. दोन्ही संपल्या.

"मागून मारलं! बाद करा त्याले!" रामाजी ओरडले. अर्धे पाहुणे त्यांच्या बाजूने होते. रंजीताच्या भावाचं म्हणणं पडलं की मैदानात मध्येच थांबणाराच बाद. त्यावर रामाजींनी त्याने कधी कासरा धरलाय का, असं विचारलं. वाद नाटकाची घंटा होईपर्यंत चालला. निकाल लागला नाही.

बायकांच्या झोपण्याचा प्रश्न रंजीताच्या आत्याने, अंजनाबाईंनी, थोडा हलका केला. गर्दी ओसरल्यावर त्या व्हॅनच्या सीटवर टेकल्या आणि नाटकाला न जाता तिथेच झोपल्या. सकाळी उठल्यावर ही सीट हलवू नका, पुढच्या वर्षी मी इथीच झोपीन, असं त्यांनी रंजीताला बजावलं. रात्रीचं नाटक धनराजच्याच कंपनीचं होतं, त्यामुळे नाटकातली राणीही घरी चहाला आली होती. ती म्हणाली, सीट कोणत्या ड्रायव्हरची हाय थे पाहा ना.

खटला अजून उभा आहे. नियमाप्रमाणे निकाल लागेपर्यंत खोलीतलं काही हलवता येत नाही, आणि निकाल लावायची घाई आता कुणालाच दिसत नाही. रंजीताने टेबलाच्या मोकळ्या कोपऱ्यावर धान्याचे डबे मांडून घेतले आहेत. रामाजी रोज सराव करतात. त्यांना वळण जमू लागलं आहे. दुसरं वळण मात्र त्यांना अन्याय वाटतं. गाडी मागून दिसणारा कॅमेरा त्यांनी शोधून काढला आहे, कारण छकड्यावरून बैल असेच दिसतात. धनराजला हे सहन होत नाही, पण वडिलांशी कॅमेऱ्यावरून वाद घातला तर तोही पंचांकडे जाईल. नुकसान त्यांनी अजून बंद केलेलं नाही. ते कुठून बंद होतं हे धनराज त्यांना सांगत नाही.

धनराज उद्या सकाळी सव्वासातला घरी पोचेल. सात ते बारा खोली रामाजींच्या सरावाची आहे, त्यामुळे तो ओसरीत झोपेल. बारापासून पाळी त्याची. उद्याचा प्रयोग चामोर्शी तालुक्यात, लांबचा आहे. कंपनीची गाडी वडशाहून दुपारी दोनला सुटते, म्हणजे त्याच्या वाट्याला जेमतेम तासभर येईल.