पाचवा ठिपका

"ऐकलंस? 'येतो' म्हणाली. मुलगीच आहे ना ती?"

माझ्या मागच्या सीटवरची बाई आपल्या लेकीला हळूच विचारत होती. गडहिंग्लज स्टँडवरून एसटी नुकतीच हलली होती आणि खिडकीतून मी आईला ओरडून सांगितलं होतं, "येतो गं आई." आमच्याकडे बायकाही आलो, गेलो, जेवलो असंच म्हणतात. आई म्हणते, आत्या म्हणते, कुणाला त्यात काही वाटत नाही. माझ्या इंग्लिश मीडियमच्या शाळेत मराठीच्या बाई मात्र त्या 'तो'खाली लाल रेघ मारायच्या. बोलायचं एक आणि दाखवायचं एक, हे मी तिथेच शिकले. स्वारगेट येईपर्यंत मी मनात येते, जाते, जेवते घोकत बसले.

त्याला तीन वर्षं झाली. चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत मी क्वालिटीत आहे. पार्ट मापायचा, ओके किंवा रिजेक्ट लिहायचं, पुढचा उचलायचा. बोलावं लागत नाही म्हणून काम आवडतं. तुम्ही गावाकडे राहिलेले विचारता, शहरात लोक हसतात का गं बोलण्याला? मला कुणी हसलं नाही. हसण्यासारखं मी काही तोंडातून जाऊच दिलं नाही.

दीड वर्षापूर्वी मी बाइंडर मागवला. छाती सपाट दिसावी म्हणून शर्टाच्या आत घालायचा घट्ट, बिनबाह्यांचा कपडा. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही. तो घातला की शर्ट जसा पडायला हवा तसा पडतो आणि मी सरळ चालते. माझी रूममेट वैशाली लातूरची, असेंब्ली लाइनवर असते. पार्सल उघडताना तिने पाहिलं आणि स्वतःच ठरवून टाकलं, "पाठीचा पट्टा व्हय? उभं राहून राहून माझी बी पाठ गेली." मी हो म्हणाले. मग कंपनीतही तेच सांगितलं. दिवाळीला घरी गेले तेव्हा आईने तो बाकीच्या कपड्यांबरोबर धुतला, हाताने ताणून पाहिला. "ह्यात जीव गुदमरत न्हाई व्हय?" एवढंच म्हणाली. आणि तारेवर तो साड्यांच्या मागे वाळत घातला, रस्त्यावरून दिसू नये असा.

आईच्या मनगटाच्या वर गोंदलेलं आहे. छोटी तुळस, तिच्याखाली पाच ठिपके. लग्नाआधी माहेरच्या बाजारात गोंदणाऱ्या बायका बसायच्या, त्यांच्याकडून काढलेलं. "बाकी सगळं तिथंच ऱ्हायलं, एवढंच माझ्यासंगं आलं," ती सांगते. मला तेच हवं होतं, फक्त कुणाला दिसायला नको होतं. म्हणून गेल्या महिन्यात दापोडीत, रेल्वेलगतच्या गल्लीत टॅटू काढणाऱ्या एका मुलीकडून डाव्या बरगडीवर काढून घेतलं. त्या दिवशी बाइंडर घातला नव्हता. उकाड्यात जॅकेट चढवून, सॅक छातीशी धरून गेले होते. "दोन-तीन आठवडे इथे घट्ट काही घालू नका," ती म्हणाली. मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्ट होती. बाइंडर घातला आणि कंपनीच्या बसमध्ये चढले.

चार दिवस मला एका जागी बसवेना. घाम, आग, वर खाज. खाजवता येत नव्हतं, म्हणून शर्टावरून तळहाताने थापट्या मारायचे. एकच पार्ट दोनदा मापायचे. "सारखी काय चापट्या मारायलीस? डास हाय का आत?" वैशाली म्हणायची. चौथ्या दिवशी बाइंडर बरगडीला चिकटला. कपडा चिकटला तर कोमट पाण्याने भिजवून सोडवायचा, हे टॅटूवाल्या मुलीने सांगितलेलं होतं. पण बाथरूमबाहेर वैशाली दार वाजवत होती. मी तो ओढला.

रविवारी पुन्हा दापोडी. मुलीने दिवा जवळ घेऊन पाहिलं. "पाचातला एक गेला. काय घातलं होतंत?" पाठीचा पट्टा हे उत्तर बसमध्ये तयार केलं होतं. ते निघेना. खरा शब्दही निघेना. शेवटी मोबाइलवर 'बाइंडर' टाइप करून स्क्रीन तिच्यापुढे धरली.

"मग आधी सांगायचं ना," ती वाचून म्हणाली. "तुम्ही काय पहिल्याच नाही इथे. खपली पूर्ण पडेपर्यंत तो घालायचा नाही. सैल, सुती बंडी घाला. ठिपका मी नंतर भरून देईन. पण असंच चालू ठेवलंत तर तुळसही जाईल."

सोमवारी सेकंड शिफ्ट होती. दीड वर्षात मी कंपनीत बाइंडरशिवाय गेले नव्हते. आजारी आहे असं कळवावं, म्हणून तीनदा फोन हातात घेतला आणि ठेवला. आई मात्र त्या गोंदलेल्या मनगटाने भाकरी थापते, भांडी घासते, चारचौघांत हात पुढे करते. मी तिचं माहेर बरगडीवर आणलं आणि वरून आवळून टाकलं.

मी नुसत्या बंडीवर बसलेली बघून वैशालीने एक ढगळ शर्ट माझ्या अंगावर फेकला. "भावाचा हाय. तुझ्यासारख्या दोघी मावतील."

"पट्टा आज नको म्हणतेय," मी म्हणाले.

"पाठीचा नाही तो, कळतंय मला. डोळे हायत की. चल, बस जाईल."

तेवढ्यात आईचा फोन. "जेवलीस काय?"

"जेवले."

"पुण्याची झालीस बाई," ती हसली. तीन वर्षं ती हेच म्हणते. मी दर वेळी हे कौतुक आहे असं समजायचे. "निघालीस व्हय?"

मी दारात थांबले. सैल शर्टाच्या आत बरगडीला वारा लागत होता. खाज तेवढीच होती. हात छातीकडे गेला, तो मी खाली घेतला. जिथे एका शब्दाबद्दल मला कुणी कधी काही विचारलं नाही, ते घर फोनच्या पलीकडे वाट बघत होतं. वैशाली जिन्यावर उभी होती. दोघींनाही ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणाले, "येतो."