पट्टा फडफडला की

ह्यांचा फोन आला तेव्हा गिरण चालू होती, त्यामुळे मला धड काही ऐकूच आलं नाही. ‘कराडला पोचायच्या आधीच...’ एवढंच कळलं. पुढचं ऐकायला मी खटका पाडला आणि मग ती शांतता... अजून अंगावर येते. माझ्या थोरल्या जाऊबाई, आक्का, वाटेतच गेल्या होत्या. महिना होऊन गेला, पण उंब्रजच्या आमच्या पिठाच्या गिरणीत पाऊल टाकलं की अजून माझी नजर आधी त्यांच्या स्टुलाकडे जाते.

मी सांगलीची. लग्न करून आले तेव्हा मला गिरण म्हणजे नुसता गोंगाट वाटायचा. आक्का मात्र गिरणीकडे पाठ करून बायकांशी गप्पा मारायच्या आणि मध्येच ओरडायच्या, ‘सुमे, करकरतंय बघ, दगड झिजलाय, टाकी लावाय झाली!’ गहू भरभर उतरतो, ज्वारी सरसर, दाणे संपत आले की दगड खडखडतो... सगळं त्यांना तोंडपाठ असायचं. ‘हसतीस काय? तोंडानं आवाज काढ, मग ध्यानात ऱ्हातंय.’ आणि मी, बीए झालेली बाई, गिऱ्हाइकांसमोर करकर, खडखड घोकायचे. लाज वाटायची मेली! पण एका आवाजाला आक्कासुद्धा भ्यायच्या. पट्टा सैल झाला की फडफडतो, आणि तुटला तर सपकन अंगावर येतो. त्यांच्या मनगटावर तसा एक वळ होता. ‘फडफडला की खटका पाड. कुणाचं का दळण असंना.’ सरपंचांच्या घरचं दळणही त्यांनी अर्ध्यात थांबवलेलं मी पाहिलंय.

त्या दिवशी बाजार होता. सकाळी दाराबाहेर गेलेली डब्यांची रांग आता कुठे सरत आलेली. आक्का कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या, छातीवर हात ठेवून म्हणाल्या, ‘सुमे, हितं फडफडतंय गं... पट्ट्यावाणी.’ मी मानसुद्धा नीट वर केली नाही. ‘आवं आक्का, पाचच डबं राहिल्यात. तेवढं होऊ द्या, मग जाऊ दवाखान्यात.’ ‘व्हय, व्हय,’ म्हणाल्या त्या. पाचही डबे दळले मी. मग ह्यांना हाक मारली; ते आक्कांना घेऊन कराडच्या दवाखान्याकडे निघाले आणि मी नवे आलेले डबे दळायला घेतले. लवकर नेलं असतं तरी काय झालं असतं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणतात. घरचेही तेच समजावतात. मला नाही पटत. गिरणीचा पट्टा फडफडला असता तर मी तिथल्या तिथं खटका पाडला असता की नाही?

आता दिवसातून दहा वेळा मी गिरण थांबवते. ‘काय गं बाई, पट्टा तर ब्येस हाय की!’ बायका वैतागतात. असतोच तो नीट, मलाही ठाऊक असतं.

परवा शेजारच्या तानूमावशी डबा ठेवता ठेवता म्हणाल्या, ‘जरा धडधडतंय गं, टेकू का?’ त्यांचं दळण निम्मं झालेलं. मी खटका पाडला, गिरणीला कुलूप घातलं आणि रिक्षा बोलावली. ‘आगं, चढ चढून आले म्हणून धडधडतंय! लय येडी हायस तू!’ त्या रस्ताभर ओरडत होत्या. डॉक्टरांनी तपासलं, काही नव्हतं. परत आलो, त्यांना आक्कांच्या स्टुलावर बसवलं, आणि मगच उरलेलं दळण पुरं केलं.