सुधाकरभाऊंचा टब

"टब सांडू नका ताई, हात जोडतो," म्हणत सुधाकरभाऊ टबासमोर आडवे उभे राहिले.

दिग्रसमध्ये मी आरोग्यसेविका आहे. पावसाळ्यात घरोघरी जाऊन साठलेलं पाणी ओतायचं, हे माझं काम. डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, आणि आठवडाभरात अळीचा डास होतो. म्हणून आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करायची; आम्ही त्याला कोरडा दिवस म्हणतो. लोक विसरतात, मी आठवण करून देते, लोक पुन्हा विसरतात. सुधाकरभाऊ मात्र विसरले नव्हते. त्यांनी अळ्या मुद्दाम पाळल्या होत्या.

ते घरी फायटर जातीच्या शोभेच्या मास्यांची पैदास करतात, आणि टबातल्या अळ्या हे मास्यांच्या पिल्लांचं खाणं.

"पिल्लं मेलेलं खात नाईत, ताई. वळवळणारंच लागते त्याइले. टब सांडला तर सारे उपाशी मरतीन."

आत खाटेवर त्यांची आई तापाने फणफणत होती. तिचं रक्त तपासणीला घ्यायलाच मी आले होते.

मी आरोग्य केंद्रातल्या साहेबांना फोन लावला.

"मॅडम, ओतून टाका न! याच्यासाठी कायले फोन करता?"

ओतायला मिनिटही लागत नाही. पण माझी पाठ वळली की हा माणूस टब पुन्हा भरणार, एवढं इतक्या वर्षांत कळतं.

"एकही डास उडू देत नाई मी," सुधाकरभाऊ म्हणाले. "रोज गाळतो."

मी टॉर्च मारला. पाण्याच्या कडेला पातळ टरफलं तरंगत होती.

"हे काय होय, भाऊ?"

"मेल्या अळ्या होय."

"नाही. अळीचा कोष होतो, अन् कोष फाडून डास उडतो. हे रिकामे कोष आहेत."

ते वाकून पाहत राहिले. मग खाटेकडे पाहिलं. टब त्यांनी स्वतःच उलटा केला.

"पिल्लाइले दुसरं काही चालत नाही का?" मी विचारलं.

"आर्टेमिया चालते. पुडी हाये घरात."

आर्टेमिया म्हणजे खाऱ्या पाण्यातले बारीक जीव. त्यांची वाळलेली अंडी मिळतात. मिठाच्या पाण्यात टाकून पंपाने हवा सोडली की दिवसाभरात फुटतात.

"पण लाईन गेली का पंप बंद. अंडे तळाले बसते अन् सडते."

"मग लाईन गेली की हाताने ढवळा. आईपाशी जागं राहायचंच आहे तुम्हाले."

पुढच्या आठवड्यात गेले, तेव्हा बाटलीत बुडबुडे चालू होते आणि नारिंगी ठिपके फिरत होते. निम्मी पिल्लं गेली होती. आईचा रिपोर्ट डेंग्यूचा आला होता. ती दवाखान्यात भरती होती आणि सुधारत होती.

"ताई, तो डास माह्याच टबातला होता का?"

"कोणीच सांगू शकत नाही," मी म्हणाले. ते खरंही आहे.

नजरेआडच्या अळ्या कोणीही ओततं. हौसेने पाळलेल्या अळ्या मालकाच्याच हातून ओतवाव्या लागतात. त्यात अर्धी सकाळ जाते, आणि गल्लीतली उरलेली घरं भर दुपारी करावी लागतात.