हलू नको, एकच अजून

देवळीत माझा फोटो स्टुडिओ आहे. वीस वर्षं झाली, नवरदेवांच्या नाकावरचा घाम पुसतोय आणि "हलू नका, एकच अजून" म्हणतोय. लग्नात लोक एक वेळ भटजीचं ऐकणार नाहीत, फोटोवाल्याचं मात्र मुकाट ऐकतात. हीच सवय माझ्या साळ्याच्या जिवावर उठली होती.

पोळा होऊन आठवडा झाला असेल. रोहण्याच्या पुढे डोंगरात एक धबधबा आहे असं कळलं आणि मी हट्टालाच पेटलो. लग्नांनी डोकं उठलं होतं. स्टुडिओच्या काचेत एकदा तरी मनासारखा फोटो लावायचा होता. साळा वावरातली फवारणी टाकून माझ्या गाडीवर मागे बसला, कारण भाऊजींना नाही म्हणायची त्याची हिंमत नाही.

शेवटच्या वावराशी गाडी लावून आम्ही सागाच्या जंगलात शिरलो. वर लख्ख ऊन, खाली नुसतं कोंदट, आणि एकही पाखरू बोलत नव्हतं. साळा सारखा वर पाहत होता.

"भाऊजी, तिकडं डोंगरावर काळं धरून राह्यलं."

"धरू दे. आपल्या डोक्यावर ऊन हाय ना?"

"मले काही बराबर नाई वाटून राह्यलं."

"लगन ठरलं तुहं, अन् पान्याले भेतं का बे?"

तो हसला, पण उगाच.

धबधबा तीन बाजूंनी काळ्या कातळात अडकलेला. आत यायला एकच अरुंद वाट. डोहाच्या मधे एक चपटा दगड होता, तिथवर घोटाभर पाणी. उंची कळायला फोटोत माणूस हवा, म्हणून साळ्याला त्या दगडावर उभं केलं, माझ्याकडे पाठ करून. पाणी दुधासारखं यायचं तर शटर सात-आठ सेकंद उघडं ठेवावं लागतं. तेवढ्यात माणूस हलला की फोटो वाया. तो बिचारा खांबासारखा उभा राहिला.

तीन-चार फोटो झाले आणि वर कातळाच्या काठावर एक म्हातारा गुराखी आला. दोन्ही हात हलवून ओरडत होता. पाण्याच्या आवाजात अक्षर ऐकू येईना. माझं टाळकंच सरकलं. बरोबर फोटोच्या मधे! मी हातानेच त्याला खुणावलं, बाजूला हो. तो दिसेनासा झाला, मला बरं वाटलं.

मग कॅमेऱ्यात पाणी तांबूस दिसायला लागलं. पानं, काड्या वाहत येत होत्या. साळ्याच्या पायाखालचा दगड निम्मा बुडाला होता. खोटं कशाला बोलू, मला हे स्वच्छ दिसलं. पण रंग असा काही आला होता की मी ओरडलो, "हलू नको! एकच अजून!"

तो हलला नाही.

शटर मिटलं आणि वरून आवाज आला, ट्रकभर गिट्टी ओतल्यासारखा. साळा वळला तेव्हा पाणी त्याच्या गुडघ्यावर होतं. मी आपला कॅमेरा धरून उभाच. मी ऐकत नाही असं पाहून गुराखी मघाच खाली निघाला होता. त्याने काठावरून आपली लांब काठी पुढे केली आणि साळ्याला ओढून घेतलं. पाठोपाठ दगड नाहीसा झाला.

"आंधळा हायेस का बे?" म्हातारा मला म्हणाला.

परतताना चहाच्या टपरीवर साळ्याने कॅमेरा मागितला. एकेक फोटो पुढे नेत शेवटच्यावर थांबला.

"भाऊजी, तुमाले दिसून राह्यलं होतं?"

मी खिशातले सुटे पैसे मोजायला लागलो. लाज वाटली, जमिनीत गडप व्हावं अशी. त्याने कॅमेरा बंद करून माझ्याकडे दिला आणि चहा संपवला.

घरी बायकोने त्याचे ओले कपडे पाहिले. "काऊन रे, काय झालं?"

मी तोंड उघडायच्या आत साळाच बोलला, "काही नाई ताई, पानी वाढलं होतं. भाऊजींनं आवाज देल्ला म्हनून वाचलो."

बायकोचे डोळे भरून आले. माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "तुमी होते म्हनून माहा भाऊ घरी आला."

मी म्हटलं, "हो."