आगीची बाजू

एके सकाळी प्रयोगशाळेतल्या म्हात्रेंचा फोन आला. "मॅडम गेल्या," एवढंच ते म्हणाले. कोण, हे कळलं होतं, तरी मी विचारलं, "कोणत्या मॅडम?" ते हळूच म्हणाले, "आपल्या." त्याला आता दीड महिना झाला.

उज्ज्वला आणि मी तुर्भ्याजवळच्या एका संशोधन संस्थेत पंचवीसेक वर्षं एकत्र होतो. ती धातूंच्या प्रयोगशाळेत, मी ग्रंथालयात. बॉयलरच्या नळ्या प्रचंड उष्णतेत कशा गंजतात, हे ती थेट अणूंच्या पातळीवर पाहायची. नळीच्या तुकड्यातून केसाहून कितीतरी बारीक टोक घडवायचं आणि यंत्रात ठेवायचं. मग त्याचे अणू एकेक करून सुटत जातात आणि पडद्यावर रंगीत ठिपक्यांचा नकाशा उमटतो. त्यात क्रोमियमचे ठिपके कुठे विरळ झाले की तिचा चेहरा उतरायचा. "इथून गंज आत शिरतो," ती म्हणायची. "बाहेरून नळी धडधाकट दिसते गं, म्हणून तर भीती वाटते."

एकदा एका कारखान्यातून नळी आली. उज्ज्वलाने टोक काढलं, नकाशा स्वच्छ आला, 'दोष आढळला नाही' असा अहवाल गेला. दुसऱ्या दिवशी नळ्या कापणारे आमचे जासईचे म्हात्रे उरलेला तुकडा हातात फिरवत म्हणाले, "मॅडम, तुम्ही टोक घेतलं ती तर भिंतीकडची बाजू हाय. आग इकडं लागत होती." मी तेव्हा तिथेच होते. तिने तुकडा हातात घेऊन दोन्ही बाजू पाहिल्या. तिने लगेच कारखान्यात फोन लावला. "कालचा अहवाल मी मागे घेते. तुकडा चुकीच्या बाजूचा घेतला, चूक माझी." पलीकडचा अधिकारी हसला. "मॅडम, तुमच्या त्या न दिसणाऱ्या टोकासाठी बॉयलर बंद करू?" ती म्हणाली, "तिथे माणसं उभी असतात ना? मग करा." दोन दिवस ती जेवली नाही. शेवटी बॉयलर थांबवला, नळ्या तपासल्या. आगीकडची बाजू आतून पोखरलेली निघाली. कुणाला काही झालं नव्हतं. पण तेव्हापासून प्रत्येक नळी कापण्याआधी आगीच्या बाजूला पांढऱ्या रंगाचा बाण काढायचा, हा तिचा नियम झाला. "अख्ख्या नळीबद्दल बोलतो आपण, आणि बघतो किती? धुळीच्या कणाएवढं," ती म्हणायची. "निदान कुठलं बघितलं, ते तरी ठाऊक हवं."

निवृत्तीनंतर ती खांदेश्वरला राहायची, मी कोपरखैरण्यात. मागच्या वर्षी तिच्या गळ्याला गाठ आली. सुई घालून तपासणी केली, अहवाल चांगला आला. मी पेढे घेऊन गेले, तर ही कागद हातात धरून खिडकीशी बसलेली. "सुई नेमकी कुठे टोचली, ते विचारायला हवं," ती म्हणाली. मी चिडले. "अगं, चांगलं आलंय ते गोड मानून घे की! प्रत्येक ठिकाणी तुझी प्रयोगशाळा कशाला?" ती हसली. "बरं बाई, नाही विचारत." आणि पेढा तोंडात टाकला. वाद घालायची तिची सवय. त्या दिवशी मात्र तिने घातला नाही. मला वाटलं, पटलं तिला. आज कळतं, तीही घाबरली होती. कुणीतरी 'नको विचारूस' म्हणावं, हेच तिला हवं होतं, आणि ते मी म्हटलं... चार महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली, तेव्हा फार उशीर झाला होता. आधी विचारलं असतं तर ती वाचली असती का, ठाऊक नाही. पण पेढ्याचा डबा दिसला की मी तोंड फिरवते.

तिने दिलेला नळीचा एक तुकडा माझ्या टेबलावर कागदांवर वजन म्हणून असतो. त्याच्यावरचा बाण पिवळट पडलाय. अलीकडे माझ्याही अंगावर एक गाठ आली; गेल्या आठवड्यात तिच्या सुईच्या तपासणीचा अहवाल आला. चांगला आहे. तीन दिवस मी तो त्या तुकड्याखाली ठेवला आणि बाण भिंतीकडे फिरवला. आज सकाळी बाण परत माझ्याकडे वळवला आणि दवाखान्यात फोन लावला. "आजी, रिपोर्ट नॉर्मल आहे ना, मग टेन्शन कशाला घेता?" फोनवरची मुलगी म्हणाली. मी अहवाल समोर ओढला. म्हटलं, "बाळ, डॉक्टरांना एवढंच विचार, सुई गाठीच्या कोणत्या भागात घातली होती?"

"थांबा हं," ती म्हणाली. मी बाणावर बोट ठेवून थांबले.