जनकाबाईंचा पाउंड फॉर पाउंड

उंद्रीच्या जनकाबाईंना देवाचा धाक होता, माणसांचा मात्र मुळीच नव्हता. पहाटे मारुतीला पाणी घालायचं, एकादशी कधी मोडायची नाही, आणि देवळाची पायरी उतरली की जो पहिला भेटेल त्याची फिरकी घ्यायची, असा त्यांचा नेम. नवरा गेल्यावर त्या माहेरी, धाकट्या भावाच्या घरी आल्या. भावाची बायको तान्ही पोर मागे ठेवून वारली होती. तिला जनकाबाईंनीच मेथीच्या वाफ्यांत खेळवत वाढवलं. तीच ही डिंपल.

डिंपल वाढली, पण आडवी नाही वाढली. चिखलीला प्रेमानंद सरांकडे बॉक्सिंग शिकायची, अठ्ठेचाळीस किलोच्या गटात खेळायची. तिथंच गावचा हरिओमही शिकायचा. तो ऐंशी किलोचा. यंदा राज्याच्या स्पर्धेत दोघांनीही आपापल्या गटात सोनं घेतलं, आणि इथंच घोळ झाला. कारण श्रावणातल्या सप्ताहात काल्याची हंडी फोडायचा मान वर्षातल्या सगळ्यात भारी खेळाडूला, आणि हंडी एकच.

मान कोणाला मिळतो याची जनकाबाईंना एवढी कळकळ असायचं कारण त्यांचा भाऊ इंद्रभान. तो मोठ्या बहिणीला बाई म्हणे आणि तिला वचकूनही असे. पण यावेळी त्यानं स्पष्ट सांगितलं होतं, "बाई, गाव जर पोरीले खेळाडू मानत असन, तर खेळू दे. नाही तर दसऱ्यानंतर पाहुणे बोलावतो. मध्यस्थाचा फोन येऊन राह्यला रोज."

सप्ताह मंडळाचे अध्यक्ष नारायणराव. हरिओम त्यांचा सख्खा पुतण्या. देवळात विषय निघाला तेव्हा ते मांडी ठोकून म्हणाले, "याच्यात इचार करायचं काय आहे? दोघांले रिंगणात उतरवा. कोण उभं राह्यन?" सगळे हसले. चिमणी अन् रेडा, असंही कोणी तरी म्हणालं.

जनकाबाई घरी आल्या त्या चुलीसारख्या धगधगत. डिंपलनं त्यांना शांत करायला मोबाइल दाखवला. "हे पाह्य आत्या. जगातल्या बॉक्सरांची यादी. हा लहानखुरा वरच्या नंबरावर, अन् हा दांडगा त्याच्याखाली."

"माय वं! हे कसं काय?"

"पाउंड फॉर पाउंड म्हणतात त्याले. वजनाच्या मानानं कोण भारी, ते." एवढं बोलून डिंपल पळायला गेली. तिचा सराव चुकत नसे, भले समजावणं अर्धं राहो.

उरलेलं अर्धं जनकाबाईंनी स्वतःच पुरं केलं. वजनाच्या मानानं म्हणजे किलोमागे किती! दोघांचं पदक सारखंच. मग कमी किलोंत ज्यानं पदक आणलं तो भारी. त्या तशाच माघारी देवळात गेल्या आणि नारायणरावांना जगाची रीत ऐकवली.

नारायणराव आडतीत मुरलेले. म्हणाले, "हाव, होऊन जाऊ द्या. काल्याच्या आदल्या दिवशी दोघांले सोयाबीनच्या काट्यावर उभं करू. ज्यानं जितक्या लढती जिंकल्या, तो आकडा त्याच्या वजनानं भागू." हरिओम डिंपलच्या आधीपासून खेळत होता, त्याच्या जिंकलेल्या लढती कितीतरी जास्त होत्या. भागाकार अटीतटीचा होणार होता. दोन-चार किलो इकडचे तिकडे झाले तर पारडं फिरणार होतं.

दोन-चार किलो इकडचे तिकडे करणं जनकाबाईंना काय अवघड? दुसऱ्या दिवसापासून त्या हरिओमच्या दारात. हातात ताट, ताटात पुरणपोळी, पुरणपोळीवर तूप. "मारुतीचा प्रसाद आहे रे बाबू. प्रसादाले नाही म्हणू नये."

"आत्या, माह्यं वजन..."

"देवाचं खाल्लेलं अंगी लागत नाही." हे म्हणताना त्यांनी मनातल्या मनात कान पकडले, मारुतीला क्षमा मागितली आणि वरून आणखी एक चमचा तूप सोडलं. हरिओम स्वभावानं गरीब आणि पोटानं श्रीमंत. तो खात गेला. कधी शिरा, कधी गुळाचे लाडू, तर कधी नुसतीच साय.

घरी मात्र उलटा कारभार. श्रावण असल्यामुळे उपासांना तोटा नव्हता. सोमवार झाला, मंगळवार झाला, शनिवार तर मारुतीचाच. मधल्या रिकाम्या दिवसांसाठी जनकाबाईंनी कोणाला ठाऊक नसलेली व्रतं काढली.

"आत्या, आज बुधवार आहे. आज कोणता देव?"

"तुले सगळे देव माहीत आहेत काय वं? गप राह्य, भगर खा."

शेवटी व्हायचं तेच झालं. सरावात डिंपलला दुसऱ्याच फेरीत भोवळ आली, आणि हरिओम दोरीवरच्या उड्या मारता मारता खाली बसला. प्रेमानंद सरांनी दोघांना एकेक करून विचारलं, आणि संध्याकाळी मोटारसायकलवर मागं हरिओमला बसवून थेट इंद्रभानच्या अंगणात आले.

"आत्याबाई, हे काय चालवलं तुम्ही? हा गटाबाहेर गेला, अन् ही उभी राहू शकत नाही."

"मग काय झालं? वजनाच्या मानानं पोट्टी पुढं गेली की नाही?"

सरांनी डोक्याला हात लावला, मग ओट्यावर बसले. "आत्याबाई, तो भागाकार नाही. आपण वजनाचे गट काऊन पाडतो? मोठा लहान्याले हाणणारच, त्याच्यात त्याचा मोठेपणा नाही म्हणून. पण लोकांले तरी वाटतेच, सगळ्या गटांत मिळून भारी कोण? मग ते मनात धरतात, की समजा सगळ्यांचं अंग एकसारखं झालं, वजन सारखं, उंची सारखी. तर कोणाचे पाय चपळ? कोणाचा ठोसा नेमका? मार कोण चुकवते? कोणाकोणाले हरवून आला? त्याच्यावरून यादी करतात."

"अन् ती लढत होते कधी?"

"कधीच नाही. अठ्ठेचाळीसचा ऐंशीचा होईन कसा? म्हणून तर प्रत्येकाची यादी वेगळी."

"म्हणजे काट्यावर ठरत नाही?"

"नाही."

"कोणी सिद्ध करू शकत नाही?"

"नाही."

"मग ठरते कसं?"

"भांडून," सर म्हणाले. "जाणकार लोक आपापलं म्हणणं मांडतात अन् वाद घालतात. ज्याचं पटलं त्याचं पटलं."

जनकाबाईंच्या चेहऱ्यावर असं तेज आलं की जणू मारुतीनं समोर येऊन दर्शन दिलं. आयुष्यभर ज्या कलेत त्यांचा हात धरणारा उंद्रीत कोणी नव्हता, नेमकी तीच कामाला येणार होती. त्यांनी त्याच पावली डिंपलला पोटभर वरण-भात वाढला. उपासाचा वार होता, पण म्हणाल्या, पोरीचं पाप माह्या माथ्यावर.

काल्याच्या आदल्या दिवशी मंडपात काटा मांडलेला. नारायणराव बाह्या सरसावून उभे. जनकाबाई पदर खोचून पुढं आल्या. "तो काटा सोयाबीनले ठेवा. आमचं चुकलं होतं. याच्यात भागाकार नसते, याच्यात इचार असते. सरले इचारा."

सरांनी मान डोलावली आणि ओट्यावर सांगितलं होतं तेच चार वाक्यांत गावाला सांगितलं.

"हे तर नुसतं मत झालं," नारायणराव म्हणाले. "मत काय, कोणीही देईन."

"कोणीही कसं? ज्यानं तिचे ठोसे खाल्ले त्यानं द्यावं." जनकाबाई हरिओमकडे वळल्या. "हरिओम, मारुतीसमोर उभा आहेस. सरावात तू हिच्यासमोर रोज उभा राहतं. समज, ही तुह्याएवढी झाली. ऐंशी किलोची, तुह्याच उंचीची. पाय हेच, हात हेच. हिच्याशी लढशीन?"

हरिओमनं एकदा काकाकडं पाहिलं, एकदा डिंपलकडं. मग कान खाजवत म्हणाला, "आत्या, ही माह्याएवढी झाली तर मी लढणार तर नाहीच, उंद्रीतच राह्यणार नाही. आतासुद्धा हिले ठोसा मारायले जातो तं ही तिथं नसतेच. हवाच लागते हाताले."

आधी बाया हसल्या, मग माणसं. नारायणरावांनी तोंड आंबट केलं, पण शब्द पुतण्याच्याच तोंडचा होता. "हिची बुद्धी पण एखाद्या गटात घाला रे कोणी," ते जनकाबाईंकडे बोट दाखवून पुटपुटले आणि मग मोठ्यानं म्हणाले, "हंडी डिंपल फोडन."

डिंपलनं सरांच्या पायाला हात लावला. आत्याच्या पायाला लावायला वाकली तेव्हा कानात म्हणाली, "आत्या, पुढचा बुधवार धरणार नाही मी."

इंद्रभान इतका वेळ खांबाला टेकून उभा होता. तो मंडपाच्या बाहेर गेला, खिशातून मोबाइल काढला आणि मध्यस्थाला फोन लावला. गर्दीमुळे त्याला ओरडूनच बोलावं लागत होतं. "पाहुण्यांले सांगा, सध्या नका येऊ... नाही, नाही, पोरीत काही कमी नाही... गावानं मान देला हो तिले, आता मी कसा अडवू?... हाव, खेळते अजून. खेळणार आहे."

जनकाबाई मागून येऊन उभ्या राहिल्याच होत्या. त्यांनी भावाच्या हातातून फोन घेतला आणि गोड आवाजात म्हणाल्या, "पाहुण्यांले घाई असन तर पोराचं वजन इचारून ठेवा भाऊ. अठ्ठेचाळीसच्या आत असन तर पाठवून द्या, पोरगी हातमोजे घालूनच बसली आहे."